बाबांचा डालड्याचा डबा

सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि दोन महिन्यात घर रिकामं करा असं पत्र आलं. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कपडे आधीच देऊन टाकलेले, पासबुकं वगैरे भावाकडे, राहता राहिला माळ्यावरचा डालड्याचा डबा. खाली काढताना खांदा निखळायची वेळ आली. आत खिळे, चुका, नटबोल्ट, वायसर, सायकलचे छर्रे, कुठल्यातरी कुलपाची किल्ली. बायको म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाक, मी हो म्हणालो आणि हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवून खाली सकाळ पसरला आणि सगळा डबा उपडा केला.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपात होते, बॉडीच्या कामाला. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, दापोडीला उतरायचं, संध्याकाळी परत, आयुष्यभर हेच. गावाला जाताना एसटीत बसलो की आधी पत्र्यावर टकटक करणार, रिवेटांच्या ओळीवरून बोट फिरवणार आणि कंडक्टर तिकिटाला आला की त्याला सांगणार, "आमच्या दापोडीची दिसतीय." तो बिचारा हो हो करायचा. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली हे मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा रामरक्षा पण ऐकली नसेल.

घरात सेंटिमीटर फक्त माझ्या कंपासपेटीत होते, बाबांचं सगळं सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. न्हाव्याला सुद्धा सांगायचे, मागून दोन सूत ठेव. आईने चहा कमी दिला की कप पुढे करून "अजून चार सूत."

रविवारी सकाळी जुना बाजार. लोक तिथे काहीतरी घ्यायला जातात, बाबा बहुतेक नुसते हात लावायला जायचे. एखादा जुना पाना उचलायचा, वजन बघायचं, ठेवून द्यायचा. नवीन काही लागलंच तर बोहरी आळी, तिथे पण आधी जुना स्क्रू खिशातून काढून "असाच दे." तसाच नाही मिळाला तर घरी परत. मला वैताग यायचा, कारण परतीच्या वाटेवरची मिसळ पण त्या स्क्रूबरोबर कॅन्सल व्हायची.

पण शिकवायचे छान. सायकलच्या डाव्या पॅडलला उलटे आटे असतात हे मला त्यांनी आठवीत सांगितलं. मी पाना घेऊन घाम काढत होतो आणि पॅडल सुटायच्या ऐवजी आवळत चाललं होतं, ते दहा मिनिटं गंमत बघत बसले, मग म्हणाले, अरे ते सरळ असते तर चालवता चालवताच ढिलं होऊन पडलं असतं की. आणि कुठलाही स्क्रू लावताना आधी थोडा उलटा फिरवायचा, आट्यात बसला की टक लागतं, मगच आवळायचा. जोर लावलेला त्यांना आवडायचा नाही. जाम झालेल्या बोल्टला रॉकेल सोडून सरळ जेवायला बसायचे.

एका बाबतीत मात्र कडक. काम झाल्यावर स्क्रू उरला तर काम झालं नाही. मी एकदा रेडिओ उघडून परत लावला आणि एक बारका स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात टाकला, तर रात्री अकराला उठवून सगळा रेडिओ परत उघडायला लावला होता. स्वतः शेजारी बसून, एक शब्द न बोलता.

तर डब्याच्या तळाशी एक पुडी निघाली. एसटीच्या तिकिटाच्या कागदाची, दोरा गुंडाळलेली. आत एकच स्क्रू आणि वर पेन्सिलीने बाबांचं अक्षर: 'हॉल पंखा. १ जास्त. बघणे.'

मला आधी हसू आलं. मग आठवलं की बाबा हॉलमध्ये कधीच मधोमध बसले नाहीत. मे महिन्यात सुद्धा खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, वारा सोसत नाही म्हणायचे. दिवाण भिंतीला त्यांनीच लावलेला, आई किती वर्षं भांडली, इकडे घ्या जरा, घामाघूम होतोय. नाही म्हणजे नाही. पंख्याखाली कायम फक्त टीपॉय.

मी वर बघितलं. पंखा पाचवर फिरत होता.

सकाळसकट सगळा पसारा हळूच भिंतीकडे ओढून घेतला.