तेवीस पाचे एकशे पंधरा, बाकी तेरा

तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण करून मला वीस वर्षं झाली. त्यापुढच्या विशारदला बसायचं राहिलं ते राहिलंच. आता दिवसभर कॉस्ट शीट आणि सकाळ-संध्याकाळ ठाणे लोकल. पण बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायची खोड काही गेली नाही, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी पेरांवरच मोजते.

दिवाळीत भाचा राहायला आला होता. हेडफोनची एक गोळी त्याने माझ्या कानात खुपसली. "मावशी, तू तबलावाली ना? मोजून दाखव हे."

मेशुगा. स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ गावचा, १९८७ पासूनचा मेटल बँड. यिडिश भाषेत या शब्दाचा अर्थ वेडा, आणि पहिल्या मिनिटात मला तो पटलाही. गायक गातो कसला, खेकसतो. गाणं होतं १९९८ च्या 'केऑस्फिअर'मधलं 'न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट'. मी गिटार धरून मोजायला लागले आणि तिसऱ्याच फेरीला हरवले. भाचा खूश.

चूक गिटार धरण्यात होती. ड्रमर टोमस हाके याचे हात बघा (म्हणजे ऐका). झांज सरळ चारात चालू असते, न हलता. आपल्याकडे तबल्याच्या सोलो वादनात लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, जे काम करतो तेच. पाय मात्र गिटारच्या बाजूला फितूर. गिटार आणि पायातला बेस ड्रम मिळून २३ अक्षरांचा एक तुकडा वाजवत राहतात. अक्षर म्हणजे चौगुनीतलं एक, मात्रेला चार. आठ बार (एका बारमध्ये चार मात्रा) म्हणजे ३२ मात्रा, १२८ अक्षरं. थोडक्यात, सोळा मात्रांच्या तीनतालाची दोन आवर्तनं चौगुनीत. त्यात २३ पाच वेळा, झाले ११५. उरले १३. सहाव्यांदा तुकडा सुरू होतो आणि तेराव्या अक्षरावर कात्री. परत पहिल्यापासून.

हा हिशोब माझा नाही, वाद्यवाल्या लोकांनी तो कधीच मांडून ठेवलाय. पण मला मांडल्याशिवाय पटत नाही. भाच्याची गणिताची चौकटीची वही घेतली, एका ओळीत सोळा घरं अशा आठ ओळी आखल्या आणि जिथे जिथे तुकडा सुरू होतो ते घर लाल केलं. पहिल्या ओळीत पहिलं. दुसरीत आठवं. तिसरीत पंधरावं. चौथ्या ओळीत एकही नाही! पाचवीत सहावं, सहावीत तेरावं, सातवी पुन्हा कोरी, आठवीत चौथं. गाणं ऐकताना मी नेमकी तिसऱ्या-चौथ्या ओळीत हरवत होते. कागदावर ते दिसल्यावर फार बरं वाटलं, ट्रायल बॅलन्स जुळल्यासारखं.

आणि मग एक गंमत लक्षात आली. बाकी आपल्याकडेही उरतेच, पण आपण ती आधी काढून टाकतो. तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) बसवताना समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, उलटं मोजत मागे यायचं, उरलेल्या मात्रा ठेक्यात घालवायच्या आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर. ऐकणारा मान हलवतो. मेशुगावाले बाकी शेवटी ठेवतात आणि सरळ तोडतात. सम येते, पण तुम्ही तिची वाट बघत नसता. मागून धक्का दिल्यासारखी येते. माझ्या सरांनी असं तोडलेलं वाजवलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. मला मात्र हा धक्का आवडायला लागलाय. लोकलमध्ये उजव्या हाताने पर्सवर चार आणि पायाने तेवीस धरायचा प्रयत्न करते. शेजारच्या बाई सरकून बसतात.

लयीचं जमलं. सुराचं नाही जमत.

भाच्याने पुढचा डोस दिला तो गॉरगट्सचा: कॅनडातल्या क्युबेकचा बँड, १९९८ चाच अल्बम, 'ऑब्स्क्युरा'. मेशुगात निदान ती खालची जाडी तार खर्जासारखी घुमत असते, तिला सा मानून चालता येतं. इथे तशी सोय नाही. दोन गिटारी एकमेकींना खेटून, कोमल रे सा च्या उरावर बसावा तशा कण्हतात, आणि एकाला सा मानावं तर पुढच्या क्षणी तो परका. सम हरवली की शोधता येते, मोजायला बोटं आहेत. सा हरवला की काय मोजणार? तीन गाण्यांच्या पुढे माझी मजल गेलेली नाही.

परवा रात्री एक आगाऊपणा केला. फोनवर तानपुऱ्याचं ॲप काळी एक पट्टीला लावून ठेवलं आणि लॅपटॉपवर 'ऑब्स्क्युरा'. म्हटलं, आधार तर मिळेल. तिसऱ्या मिनिटाला तानपुराच बेसूर वाटायला लागला. मी तो बंद केला.