पेम्बा: ‘चेटक्यांच्या सभे’चे पैसे देऊ नका

टांझानियातल्या झांझिबारच्या जुन्या शहरात, स्टोन टाउनमध्ये, कुणी ‘पेम्बा बेटावर नेऊन चेटक्यांची सभा दाखवतो’ म्हणालं, तर ऐकून न ऐकल्यासारखं करा आणि पुढे चला. आमच्याकडून माणशी दीडशे डॉलर घेतले. बोटीचं तिकीट वेगळं, जेवण वेगळं!

स्वाहिली किनाऱ्यावर पेम्बा करणीसाठी कुप्रसिद्ध आहे. चेटक्यांची गुप्त मंडळी रात्री गिनिंगी नावाच्या जागी जमते, आणि तिच्यात शिरायचं तर घरातलाच एक जीव द्यावा लागतो, अशी लोककथा. बळी गेलेला माणूस म्हणे खरा मरत नाही, त्याला मुकाट राबवून घेतात. आता अशा मंडळींची सभा तिकीट लावून कोण दाखवेल?

उंगुजा (झांझिबारचं मुख्य बेट, स्टोन टाउन इथेच) ते म्कोआनी (पेम्बाचं बंदर) ही बोट म्हणजे छळ. सुटतानाच खलाशी पिशव्या वाटत फिरतो, त्या कशासाठी ते लवकरच कळतं. बंद एसी केबिनमध्ये बसू नका. मागे उघड्यावर जागा धरा, भिजलात तरी चालेल. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी घ्या, नंतर पोटात राहत नाही. पुढे म्कोआनीहून वेतेपर्यंत लवंगांच्या बागांमधून छान रस्ता आहे, दालादाला (तिथली वडाप) मिळते.

वेतेजवळच्या एका घरी आम्हाला ‘मंडळीतला म्हातारा’ दाखवला. तो होता म्गांगा, म्हणजे आपल्याकडच्या भगतासारखा, करणी उतरवणारा. पांढऱ्या ताटलीवर केशराच्या पाण्याने कुराणातल्या ओळी लिहीत होता. मग गुलाबपाण्याने त्या धुऊन ते पाणी एका तापलेल्या पोराला पाजलं. गाइडने आमच्यासमोर ‘सभे’चा विषय काढला तसा म्हातारा उठून आत गेला, तो परत आलाच नाही. बरोबरच केलं त्याने. पोराच्या आईची नजर अजून टोचते.

हा विषय तिथे गंमतीचा नाही. 1995 साली पोपोबावा नावाच्या सैतानाची दहशत पेम्बावरून उंगुजापर्यंत पसरली. लोक रात्री घराबाहेर शेकोट्या पेटवून एकत्र झोपत, आणि झांझिबार शहरात केवळ संशयावरून जमावाने एका वेडसर माणसाचा जीव घेतला. तेव्हा कुणालाही ‘इथे चेटकी कोण?’ विचारू नका, आणि न विचारता फोटो काढू नका.

त्याच पैशात एन्गेझीचं जंगल आणि किडिकेची वटवाघळं बघा. ही जात फक्त पेम्बावर आहे. एन्गेझीसाठी कोंडेपर्यंत दालादाला, पुढे भाड्याची मोटारसायकल. भाडं बसण्याआधी ठरवा. अंगभर कपडे, भरपूर रोख शिलिंग आणि पासपोर्ट जवळ हवा. रमजानात दिवसा जेवणाचे हाल होतात. परतताना पेम्बाच्याच चाके चाके शहराहून छोटं विमान घ्या. महाग आहे, तरी घ्या.