डबलचं ट्विन

टूर मॅनेजरला पहिले दोन दिवस माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, खोल्यांचे नंबर राहतात. तीनशे आठला गोळ्या चालू आहेत, चारशे सोळा जैन आहेत, दोनशे एक सगळीकडे दहा मिनिटं उशिरा येतात. तेव्हा या दोघांनाही मी चारशे बाराच म्हणतो. नाव लिहायचं नाहीच आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. युरोपची टूर, ३८ माणसं, पहिला मुक्काम पॅरिस. ग्रुपमध्ये हनिमूनची जोडपी तीन. चारशे बारा सगळ्यांत ताजं, लग्नाला नऊ दिवस झालेले. तो मूळचा सांगोल्याचा, नोकरीला चाकणला. ती बार्शीची. बघण्याचा कार्यक्रम, सुपारी, लग्न, सगळं अडीच महिन्यांत. टूर मुलाच्या मामांनी आहेर म्हणून दिलेली. तिच्या हातात अजून हिरवा चुडा, मेंदी कोपरापर्यंत. मुंबईच्या विमानतळावर मी हजेरी घेतली तेव्हा तिचं आडनाव पुकारल्यावर ती ओ द्यायला दोन सेकंद थांबली. नवीन आडनावाला एवढा वेळ लागतोच.

आता पलंगांचं सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. युरोपातल्या हॉटेलात ‘डबल बेड’ म्हणजे पुष्कळदा दोन सुटे पलंग चिकटवलेले असतात. वर एक चादर ताणून बसवतात, पांघरुणं मात्र दोन. आणि घाईच्या दिवशी हॉटेलवाले तेवढंही करत नाहीत. नवरा-नवरी लांबचा प्रवास करून खोली उघडतात तर दोन पलंग दोन भिंतींना. मग रात्री अकरा वाजता मला फोन. म्हणून निघायच्या आधी आठवडाभर मी प्रत्येक हॉटेलला स्वतः मेल टाकतो. ऑफिसची रूमिंग लिस्ट, म्हणजे कोणाला कसली खोली त्याची यादी, जाते ती वेगळी, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ती बनवणाऱ्या पोरांनी हॉटेलची खोली आतून बघितलेली नसते, एका सासू-सुनेला डबल आणि नव्या जोडप्याला ट्विन, म्हणजे सुटे पलंग, देऊन मोकळी होतात. चौदा वर्षांत माझ्या टूरवर एकाही नव्या जोडप्याला वेगळे पलंग मिळालेले नाहीत. लोकांना हसू येईल, पण मला त्याचा गर्व आहे.

पहिल्या रात्री साडेदहाला चारशे बारामधला मुलगा खाली आला. मी रिसेप्शनपाशी दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याची वेळ ठरवत होतो. तो जरा वेळ ब्रोशर चाळत उभा राहिला. मग म्हणाला, “सर, पलंग वेगळे करून मिळतील का?”

मला वाटलं मी उलटं ऐकलं.

त्या वेळी हॉटेलात फक्त रात्रपाळीचा एक माणूस. तो खुर्चीवरून उठणार नाही हे मला माहीत होतं. मग मीच वर गेलो. आम्ही दोघांनी चादर काढली, दोन्ही पलंगांचे पाय एका लोखंडी पट्टीत अडकवलेले होते ती पट्टी वर उचलली आणि ओढायला सुरुवात केली. खोली एवढीशी, की दोन बॅगा आधी बाथरूममध्ये ठेवाव्या लागल्या. पलंगांखाली कोणाचा तरी मोजा निघाला. मध्ये जेमतेम एक माणूस आडवा चालेल इतकी जागा झाली. ती कॉरिडॉरमध्ये उभी होती, टूथब्रश ठेवलेली प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी “गुड नाइट” म्हणालो आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत माझं मत बनलेलं होतं. लग्न जमलेलं नाही. कोणीतरी कोणावर तरी लादलेलं आहे.

लाकडी जमिनीवर पलंग ओढल्याचा आवाज शेजारच्या खोलीत गेला. शेजारी नाशिकच्या काकू. सकाळी नाश्त्याला मी पोचलो तेव्हा पोह्यांना मुकलेली तीन टेबलं क्रोसाँ खात हाच विषय चघळत होती. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “काही लागलं तर सांगा हं, आम्ही मोठी माणसं आहोत.” अशा वेळी मोठ्या माणसांइतकं लहान कोणी नसतं.

सकाळी लूव्र. आमच्यासारखे ग्रुप तिथे काय करतात ते सांगून टाकतो: मोनालिसा. ७७ सेंटिमीटर उंचीचं चित्र, पुढे दोनशे हात वर, प्रत्येक हातात मोबाइल. आणि बरोबर समोरच्या भिंतीवर त्या संग्रहालयातलं सगळ्यांत मोठं रंगचित्र, जवळजवळ दहा मीटर रुंद, ज्याच्याकडे सगळे पाठ करून उभे असतात. वेरोनेझेचं ‘कानाचं लग्न’, १५६३ सालचं. काना हे बायबलमधलं गाव. शंभरावर माणसं, वाढपी, वाजंत्री, कुत्री, पंगत बसलेली. ग्रुप मोनालिसाच्या रांगेत घुसला होता. चारशे बारामधली ती मात्र या चित्रासमोर एकटी उभी होती. मला बघून म्हणाली, “दादा, यात नवरा-नवरी कुठायत?”

हा प्रश्न मला चौदा वर्षांत कोणी विचारला नव्हता. उत्तर मला माहीत होतं ते नशीब. मधोमध येशू बसला आहे. नवरा-नवरी पार डावीकडे, टेबलाच्या टोकाला आहेत. मी बोट दाखवलं. ती बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आमच्या अल्बममध्येपण असंच आलंय.”

दुपारी २ ते ६ मोकळा वेळ होता. ब्रोशरमध्ये त्याला ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ म्हणतात. खरं कारण ड्रायव्हर. जूनमध्ये पॅरिसला दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि आयफेल टॉवर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो तो अंधार पडल्यावरच. ते बघितल्याशिवाय आपली माणसं हॉटेलात जात नाहीत. पण युरोपात बस ड्रायव्हरला रोज विश्रांती द्यावी लागते, आणि कधी किती वेळ गाडी चालली हे यंत्रावर नोंदलं जातं. दुपारी त्याला सलग तीन तास मोकळं सोडलं तर रात्रीच्या विश्रांतीचे नऊ तास चालतात. म्हणजे त्याला झोप मिळावी म्हणून ३८ माणसं मी पॅरिसमध्ये मोकळी सोडतो.

सोडण्याआधी बसमध्ये मेट्रोची सूचना देतो. तोंडपाठ आहे. दार वाजायला लागलं की चढायचं नाही. चुकामूक झाली तर जो मागे राहिला त्याने तिथेच थांबायचं, हलायचं नाही. जो पुढे गेला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. दोघांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली की दोघंही हरवतात. मी हे माइकवर सांगत असतो तेव्हा अर्धी बस खिडकीतून व्हिडिओ काढत असते आणि उरलेली शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा फिरवत असते.

चारशे बाराला मी वर एक जादा सल्ला दिला. एक नंबरच्या मेट्रोने एत्वाल स्टेशनला जा, वर विजयकमान बघा, मग सहा नंबरची गाडी पकडा. ती पासी स्टेशननंतर सेन नदीच्या पुलावरून जाते, खिडकीत आख्खा टॉवर येतो. नव्या जोडप्यांना मी हे आवर्जून सांगतो.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलाचा फोन आला. “सर, ती सापडत नाहीये.”

झालं असं होतं. एत्वालला सहा नंबरच्या गाडीत तो चढला, गर्दीत ती दोन पावलं मागे पडली, भोंगा वाजला, दार बंद. तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हा पुढच्या क्लेबेरला उतरायच्या ऐवजी तिसऱ्या स्टेशनवर, त्रोकादेरोला उतरला. तिथे अर्धा तास वाट बघत बसला, ती मागच्या गाडीने येईल म्हणून. मग एत्वालला परत गेला, ती दिसली नाही, वर कमानीपाशी जाऊन शोधलं. तिथे बारा रस्ते फुटतात. बाराही पालथे घालायला निघाला होता बिचारा.

तिचा मोबाइल त्याच्या सॅकमध्ये पॉवर बँकेला लावलेला. परदेशी सिम एकच घेतलेलं, त्याच्या फोनमध्ये. तिचा पासपोर्ट, पैसे, हॉटेलचं कार्ड, मेट्रोचं कार्डसुद्धा, सगळं त्याच्या कमरेच्या पाउचमध्ये. मला राग यायला हवा होता, पण आश्चर्यही वाटलं नाही. माझ्या टूरवर दहातल्या नऊ जोडप्यांचं असंच असतं. बायकोच्या पर्समध्ये आवळासुपारी आणि रुमाल.

आणि मी काय केलं? मी त्याला विचारलं, “भांडण झालं होतं का?”

तो काही बोलला नाही. मी ते ‘हो’ असं धरलं. पुढची सगळी गणितं त्या दोन पलंगांवरून केली. पोरगी स्वतःहून गेली. तिला कोणीतरी न्यायला आलं असेल. पॅरिसला कोणी ओळखीचं आहे का, लग्नाआधी काही होतं का, असले प्रश्न मी त्या मुलाला भर त्रोकादेरोच्या कठड्यापाशी विचारले. आमच्या धंद्यात शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या, व्हिसावर आलेलं माणूस ग्रुपमधून गायब होणं ही मोठी धास्ती असते, पुढच्या ग्रुपच्या व्हिसाला त्याचा फटका बसतो. मुंबईला फोन लावला, तिकडे रात्रीचे आठ वाजून गेलेले. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न: “पासपोर्ट कोणाकडे आहे?” ती कशी आहे, कुठे हरवली, हे नंतर. मी त्यांना नावं ठेवतो खरा, पण त्या तासाभरात माझ्या डोक्यातही तेच चाललं होतं.

पोलिस चौकीचा पत्ता फोनवर शोधत होतो तेवढ्यात नाशिकच्या काकू आइस्क्रीमचा कोन हातात घेऊन आल्या. काय झालं ते ऐकलं आणि म्हणाल्या, “अहो, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, मागे राहील त्याने हलायचं नाही? मग ती तिथंच असेल की!”

मी मेट्रोचा जिना उतरताना घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते.

एत्वालला सहा नंबरची गाडी संपते. तिथे रूळ एकच आणि फलाट दोन, दोन्ही बाजूंना. एका बाजूला उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं. मुलगा परत आला तेव्हा उतरायच्या फलाटावर उतरला, मधे गाडी उभी, गर्दीबरोबर बाहेर पडला. पलीकडचा फलाट त्याला दिसलाच नाही. मी उतरून तिथेच थांबलो. भोंगा वाजला, दारं लागली, डबे एकेक करून सरकले, आणि शेवटचा डबा गेल्यावर समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसलेली. हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात पर्सवर.

मला बघितल्याबरोबर ती उठली आणि रुळांपलीकडून म्हणाली, “दादा, मी हलले नाही.”

फिरून तिच्या फलाटावर जाईपर्यंत मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. दोन तास पन्नास मिनिटं. एक्केचाळीस गाड्या गेल्या, तिने मोजल्या होत्या. दोन बायकांनी काही विचारलं, तिने हाताने ‘येतोय, येतोय’ केलं. वर जावं असं वाटलं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली कार्ड ह्यांच्याकडे, तिकीट नसताना पकडलं तर? आणि तुम्ही सांगितलं होतं ना. तहान लागली होती, पण पाण्याची बाटलीही सॅकमध्ये.

मागून मुलगा धावत आला. ती रडेल असं मला वाटलं. तिने हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला. ती म्हणाली, “तसं नाही. माझं कार्ड द्या.” त्याने तिथेच पाउच उघडून कार्ड दिलं, पासपोर्ट दिला, पन्नासची एक नोट दिली. सगळं पर्समध्ये ठेवून चेन लावेपर्यंत तिने पाण्याची बाटली घेतली नाही.

त्या रात्री सेनच्या बोटीत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. पलंगांचं मी विचारलं नव्हतं, त्यानेच काढलं. “ती लग्नापासून झोपली नाहीये, सर. कडेला अंग चोरून पडते, कूस बदलत नाही. म्हटलं, जरा पाय पसरून झोपू दे.” मग थोड्या वेळाने, “काल झोपली.”

हनिमूनच्या जोडप्यांसाठी बोटीत केक कापायची आमच्या कंपनीची पद्धत आहे, माइकवर नावं पुकारून, वन्समोअर वगैरे. मी त्या दिवशी दोनच जोडप्यांची नावं पुकारली. ऑफिसने हिशेबात तिसऱ्या केकचं विचारलं तेव्हा ड्रायव्हरला दिला असं लिहिलं. ते खरंच होतं.

ल्युसर्नच्या हॉटेलला मी मेल आधीच टाकलेली होती, डबल म्हणून. रात्री बसमध्ये बसून नवी लिहिली, मग पुसली. काय लिहायचं हे ठरवणारा मी कोण, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. सकाळी त्यांनाच विचारलं, दोघांना समोर उभं करून. उत्तर तिने दिलं. ते इथे लिहीत नाही.

शेवटच्या दिवशी झुरिकच्या विमानतळाकडे जाताना बसमध्ये फीडबॅक फॉर्म वाटतात. माणशी एक. सहसा नवरे दोन्ही भरतात आणि बायकोपुढे सहीला सरकवतात. चारशे बाराचे दोन फॉर्म दोन वेगळ्या हस्ताक्षरांत आले. त्याने सगळीकडे पाचपैकी पाच. तिने जेवणाला तीन, हॉटेलला चार. ‘टूर मॅनेजरच्या सूचना’ या रकान्यात पाच, आणि खाली बारीक अक्षरात: ‘सूचना नीट सांगतात. फक्त एकाच गाडीला दोन बाजूंना फलाट असू शकतात, हेही सांगावे.’

मी ते कधीच सांगत नव्हतो.