डोलणाऱ्या डिलेचा चोर सापडला

मंडळी, टेप डिले (जुन्या टेप यंत्रासारखे प्रतिध्वनी देणारा गिटारचा इफेक्ट) डोलायचा थांबला, म्हणजे त्याच्या रिपीट्सचा, प्रतिध्वनींचा, स्वर आता खाली-वर होत नाही! चोर मात्र भलताच निघाला. मागच्या अपडेटनंतर तुमच्यातल्या निम्म्यांचा संशय ड्रम मशीनवर होता, उरलेल्यांचा मॉडेलरच्या (अँप आणि इफेक्ट्सची नक्कल करणारं गिटारचं डिजिटल यंत्र) फर्मवेअरवर. दोघंही निर्दोष सुटले आहेत.

जोडणी तीच होती, सगळी मिडीवरून, म्हणजे वाद्ययंत्रं एकमेकांना आज्ञा देतात त्या भाषेतून. ड्रम मशीन क्लॉकचं मास्टर, म्हणजे सगळ्यांना टेम्पो देणारं, ते मर्ज बॉक्सच्या (दोन मिडी प्रवाह एकत्र करणारा डबा) पहिल्या इनमध्ये. फूट कंट्रोलर दुसऱ्या इनमध्ये. बॉक्सचं आउट पाच पिनी केबलनं मॉडेलरला आणि मॉडेलरच्या थ्रूमधून (आलेलं मिडी जसंच्या तसं पुढे देणारं आउट) पुढे रिव्हर्ब पेडल. एक्सप्रेशन पेडल फूट कंट्रोलरला लावलेलं, वॉल्यूम ब्लॉकसाठी सीसी (कंट्रोल चेंज, एखादी किंमत बदलायचा मिडी संदेश) ७ वर.

लक्षणं पुन्हा सांगते, कारण सगळा सुगावा त्यातच होता. १२० बीपीएम (मिनिटाला बीट), डॉटेड एट्थ (पाऊण बीट), म्हणजे डिले ३७५ मिलीसेकंदांचा. क्लीन अँपवर एकच स्वर छेडून सोडायचा. पहिलं रिपीट स्वच्छ यायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रिपीटला स्वर किंचित खाली घसरून परत वर यायचा. गिटारचा मूळ आवाज जागच्या जागी, कॅब (स्पीकर) जागच्या जागी, फक्त रिपीट्सना बोट लागलेली. डिजिटल डिलेचं मॉडेल लावलं की सगळं शांत. आणि डोक्याला खरा ताप म्हणजे याला काही धरबंधच नव्हता. एक गाणं अख्खंच्या अख्खं डोलायचं, पुढचं गाणं त्याच टेम्पोला, त्याच डिलेवर एकदम शहाण्यासारखं वागायचं.

अशा दुखण्यावर नेहमी सुचवले जाणारे उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्रीसेटवरचा डीएसपीचा (ध्वनीचा हिशेब करणारी चिप) भार कमी करा, पॉवर सप्लाय बदला, ग्राउंड लूप शोधा. अहो, मिडी इनपुटला ऑप्टोकपलर कशासाठी असतो? दोन यंत्रांमध्ये विजेची थेट जोडणी होऊ नये म्हणूनच ना? शिवाय ग्राउंड लूपनं हम येईल, स्वर कसा घसरेल?

मग एकेक जोडणी सोडवत गेले. ड्रम मशीन थेट मॉडेलरला लावलं: ठणठणीत. मध्ये बॉक्स घातला, पण कंट्रोलर काढून ठेवला: तरीही ठणठणीत. कंट्रोलर परत लावला: कधी ठीक, कधी डोलतंय. म्हणजे पाणी बॉक्समध्ये मुरत होतं, पण नळ कंट्रोलरकडे होता. मग बॉक्सचं आउट मॉडेलरऐवजी इंटरफेसला दिलं आणि लॅपटॉपवर मिडी मॉनिटर उघडून वेळेच्या नोंदी बघत बसले.

मिडी क्लॉक म्हणजे एका बीटला २४ टिक. १२० बीपीएमला सेकंदाला ४८, म्हणजे दोन टिकमध्ये २०.८३ मिलीसेकंद. नोंदी सुरुवातीला तशाच दिसत होत्या, मग मधूनच एक अंतर २३ च्या आसपास आणि लगेच पुढचं १८ च्या आसपास. म्हणजे टिक हरवत नव्हती, उशिरा पोहोचत होती. यूएसबीवरून मोजताना मिलीसेकंदभर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून बॉक्सच्या आउटवर एकेक बिट दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावला. (ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्याच. आठ चॅनेलवाला सगळ्यांत साधा चालतो. मिडीचा वेग ३१,२५० बॉड, त्याला भारी यंत्र लागत नाही.)

आणि तिथं ते उघड्यावर दिसलं. एफ८, म्हणजे क्लॉकची बाइट, आणि तिच्या पुढ्यात बी० ०७ ३एफ. मग बी० ०७ ४०. परत ३एफ. परत ४०. स्क्रीनभर हीच पोपटपंची. हेक्समधलं, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीतलं, हे वाचलं तर पहिल्या चॅनेलवर सीसी ७, किंमत ६३, ६४, ६३, ६४. माझा पाय पेडलवर नव्हताच!

पेडल अर्ध्यावर उभं होतं. आतला पॉट (फिरवता रोध) नेमका दोन आकड्यांच्या उंबरठ्यावर, आणि कंट्रोलरला कळेना ६३ म्हणावं की ६४, म्हणून तो दोन्ही म्हणत होता, अखंड. ज्या गाण्यांत मी ऱ्हिदमसाठी वॉल्यूम अर्ध्यावर ठेवते ती डोलत होती. ज्यांत पेडल टाचेला किंवा पंज्याला पूर्ण टेकलेलं असतं ती शहाणी. कधी होतं, कधी नाही, याचा उलगडा एवढाच.

आता बॉक्सचा गुन्हा. मिडीत एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात (आठ बिट, अधिक एक स्टार्ट, एक स्टॉप). सीसीचा संदेश तीन बाइटचा, म्हणजे जवळपास एक मिलीसेकंद. पण १९८३ पासून मिडीच्या स्पेसिफिकेशनमध्ये सोय आहे की क्लॉकसारखे रिअल-टाइम संदेश रांगेत थांबत नाहीत. चालू संदेशाच्या दोन बाइटच्या मध्येही ते घुसू शकतात. ही गोष्ट ज्या मर्ज बॉक्सला कळते त्यात क्लॉकला फार तर एका बाइटचा उशीर होतो. माझ्या बॉक्सला ती कळत नाही. तो एफ८ लाही बाकीच्यांच्या मागे उभं करतो. पुढे दोन सीसी असले की गेले दोन मिलीसेकंद. बॉक्सचं नाव इथं लिहित नाही. पण डब्यावर ‘झिरो लेटन्सी’ छापलेलं असेल तर ते क्लॉकबद्दल आहे असं समजू नका.

दोन मिलीसेकंदांनी काय बिघडतं, असं मला वाटलं होतं, म्हणून हिशेब केला. समजा मॉडेलर एका बीटची, म्हणजे ५०० मिलीसेकंदांची सरासरी घेऊन टेम्पो काढतो. दोनचा फरक पडला की १२० चे ११९.५ होतात. डिले ३७५ वरून ३७६.५ वर. ऐकायला काहीच नाही. पण टेपचं मॉडेल नवी वेळ एकदम उडी मारून घेत नाही, खऱ्या यंत्रातल्या टेपसारखं सरकत तिथं जातं. हे दीड मिलीसेकंद त्यानं १०० मिलीसेकंदांत सरकून पार केले, तर तेवढ्या वेळापुरता स्वर दीड टक्क्यानं खाली. दीड टक्का म्हणजे साधारण २६ सेंट, अर्ध्या स्वराचा चौथा हिस्सा. हे कुणालाही ऐकू येईल! लगेच पुढची टिक वेळेवर आली की उलटा प्रवास. माझ्या मॉडेलरचा डिजिटल डिले जुनी वेळ फेड करून नवी आणतो, म्हणून तिथं घसरण नाही.

पहिला उपाय पेडलवर. कंट्रोलरच्या मेनूत डेडबँड आहे. आकडा एकनं हलला तर दुर्लक्ष, दोननं हलला तरच पाठव. पोपटपंची जागेवर बंद. पेडल उघडून पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही डकवला, तो अधिक आवडला. डेडबँड वाढवत नेला तर स्वेल (पेडलनं हळूहळू चढवलेला आवाज) पायऱ्यापायऱ्यानं चढतो, मुळात १२८ च तर पायऱ्या. कपॅसिटरनं तसं होत नाही.

पण हा अर्धाच इलाज. पेडल खरोखर हलवलं की सीसीचा लोंढा येणारच आणि बॉक्स क्लॉकला अडवणारच. म्हणून ठरवलं की मर्ज बॉक्स स्वतः बनवायचा. दोन इन, एक आउट, दोन ६एन१३८ ऑप्टोकपलर आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर. कोड सोपा आहे: एफ८ किंवा त्यावरची बाइट आली की रांग न बघता पुढची जागा तिला. बाकीचे संदेश मात्र अख्खे गोळा करून एकामागून एक, नाहीतर एकाचे बाइट दुसऱ्याच्या पोटात जातील. रनिंग स्टेटसकडेही (तोच स्टेटस बाइट पुन्हा आला तर तो गाळायची सोय) लक्ष हवं. दोन्ही इनवरून वेगवेगळा स्टेटस बाइट चालू असतो, म्हणून आउटवर दर वेळी नव्यानं पाठवायचा. ब्रेडबोर्डवर अर्धं चालूही झालं होतं.

आणि हे वरचं लिहिता लिहिताच डोक्यात आलं की मर्ज हवाच कशाला? क्लॉक ड्रम मशीनकडून का घ्यायचं? माझा फूट कंट्रोलर स्वतः क्लॉक देतो, गाण्यागणिक टेम्पो साठवतो आणि त्याला दोन आउट आहेत. तोच मास्टर, एक आउट मॉडेलरला, दुसरं ड्रम मशीनला. क्लॉक आणि सीसी एकाच यंत्रातून निघतात, कुणाला आधी सोडायचं ते त्याच्याच हातात. लिखाण अर्धवट सोडून उठले, केबली बदलल्या, अ‍ॅनालायझर लावला. पेडल जोरजोरात वर-खाली करतानाही एफ८ सीसीच्या बाइटच्या मध्ये घुसून जाताना दिसतो. बी०, एफ८, ०७, ४०. इतका देखणा ट्रेस की स्क्रीनशॉट काढून ठेवला. टेप डिले लावून सावकाश स्वेल केले, रिपीट्स एका सरळ रेषेत. सोल्डरिंग आयर्न परत खोक्यात. ब्रेडबोर्ड मोडला नाही, पण घाई उरली नाही.

एक जण नक्की विचारेल, म्हणून सांगते: पेडल थेट मॉडेलरच्या एक्सप्रेशन जॅकला लावूनही पाहिलं. वॉल्यूमसाठी ते सरसच आहे. पण मग तेच पेडल रिव्हर्बचा मिक्स हलवत नाही, आणि शेवटच्या गाण्यात मला दोन्ही एकदम हवेत.

बाकी छोट्या गोष्टी. एका बटणावर अख्खं गाणं, हे अखेर जमलं. प्रोग्राम चेंज (प्रीसेट बदलायचा संदेश), मग स्नॅपशॉटचा (प्रीसेटमधलीच साठवलेली एक मांडणी) सीसी, मग रिव्हर्बचा प्रीसेट, मग ड्रमचा पॅटर्न. स्नॅपशॉट हुकायचा, कारण प्रीसेट उघडत असताना मॉडेलर सीसी ऐकतच नाही. कंट्रोलरमध्ये दोन आज्ञांच्या मध्ये २०० मिलीसेकंदांची फट ठेवली, आता बरोबर दुसऱ्या स्नॅपशॉटवर उतरतो. व्हर्समधून कोरसमध्ये जाताना आधीच्या डिलेची शेपटी नव्या गेनवरून तरंगत जाते, ते ऐकून मी ते बटण उगाचच दाबत बसले. प्रोग्राम चेंजचे आकडे एका यंत्रावर ० पासून आणि दुसऱ्यावर १ पासून, हे दुखणं आहेच, त्याला औषध नाही. मी कागदावर सगळं ० पासून लिहिते.

टीआरएस मिडीबद्दल (छोट्या जॅकवरून चालणारं मिडी) मात्र माझं मत आणखी बिघडलंय. २०१८ मध्ये टाइप ए हे वायरिंगचं प्रमाण ठरलं, ठीक. पण रिव्हर्ब पेडल त्याआधीचं, टाइप बी. टिप आणि रिंग उलटे, बाकी अडॅप्टर दिसायला हुबेहूब. चुकीचा लावला तर काही जळत नाही, काही चालतही नाही, नुसती शांतता. बीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मला विचाराल तर पाच पिनी डीन कितीही धटिंगण दिसली तरी तिच्यासारखी केबल नाही. उलटी घुसतच नाही.

आता नवीन कटकट. ड्रम मशीन स्लेव्ह झाल्यापासून सुरुवातीचा किक गिळतं. कंट्रोलर स्टार्ट, म्हणजे एफए, पाठवतो आणि पहिला एफ८ त्याला चिकटूनच येतो. पहिली बीट खरं तर त्या एफ८ वरच धरायची असते, आणि स्टार्टनंतर किमान एक मिलीसेकंद मोकळा सोडावा अशी शिफारस आहे. इथं तो मोकळा सोडलेला ट्रेसमध्ये दिसत नाही. तूर्त एक रिकामा काउंट-इन पॅटर्न पुढे जोडून काम भागवतेय. स्टार्टऐवजी सतत क्लॉक चालू ठेवून पॅटर्न नोटनं सुरू करायचा कुणी प्रयत्न केलाय का? केला असेल तर पहिली बीट किती घट्ट बसते ते कळवा. त्यावर ब्रेडबोर्ड परत बाहेर काढायचा की नाही ते ठरवते.