व्हीलचेअर घेऊन कोकणात जाताय? आधी तिथी बघा

कोकणात जायचं ठरलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "अगं टेन्शन नको घेऊ, आम्ही उचलून नेतो ना तुला." प्रेमाने म्हणतात, कळतं मला. पण मला उचलून जायचं नाहीये. एकदा उचलून नेलं की कुठे बसायचं, किती वेळ बसायचं, परत कधी निघायचं हे सगळं उचलणाऱ्यांच्या सोयीने ठरतं, आणि समुद्रावर माणूस जातो तो मनाला येईल तितका वेळ बसायलाच ना.

आपली खुर्ची अडते ती कोरड्या वाळूत. पुढची दोन छोटी चाकं बारीक असतात, वजन आलं की रुततात आणि मागून जितका जोर लावाल तितकी अजून खाली जातात. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवायची, पुढची चाकं जराशी उचलायची आणि मोठ्या चाकांवर मागे ओढत न्यायची. ओल्या वाळूचं मात्र तसं नाही. ओहोटीला जो घट्ट पट्टा उघडा पडतो, जिथे पोरं क्रिकेट खेळतात, तिथे साधी खुर्चीसुद्धा चालते. गुहागरला मी अशी पाण्याच्या कडेकडेने स्वतःच्या हाताने चाकं फिरवत गेलेय, मागे कुणी नाही, कुणी "पुरे आता" म्हणणारं नाही, तो आनंद मला शब्दात नाही सांगता येत.

तर आता तिथीचं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते, सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर आलेलं आणि तुमच्या वाट्याला फक्त कोरडी वाळू. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, भरती सव्वाअकराच्या आसपास, त्यामुळे साधारण सव्वासहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप लांब गेलेलं असतं, ओला पट्टा चांगला रुंद मिळतो. हिशोब ढोबळ आहे, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता बघा आणि तिथल्या एखाद्या मच्छीमार काकांना विचारा, आणि पाणी फिरायच्या आत वर या कारण उधाणाचं पाणी भरभर चढतं. पावसाळ्यात तर नकोच. रूमवर आलं की चाकं गोड्या पाण्याने धुवून पुसून घ्या, नाहीतर खारं पाणी बेअरिंग खातं.

दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोट नक्की घ्या, गाडीसकट आत जाता येतं आणि खाडी गाडीत बसूनच ओलांडता येते. जंजिऱ्याला मात्र होडीतून थेट किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरावं लागायचं, तिथे आपली खुर्ची थांबायची, आता काय सोय आहे ते आधी विचारून घ्या.

पण तिथी बघून पट्टा मिळाला तरी रस्त्यापासून तिथपर्यंतची कोरडी वाळू ओलांडायचीच असते, आणि तेवढ्यासाठीच लोक लागतात. चेन्नईच्या मरीना बीचवर आधी डिसेंबरातल्या दिव्यांग दिनाच्या आसपास तात्पुरता रॅम्प टाकायचे, दिव्यांग कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं कायमचा मागितला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये थेट पाण्याच्या दिशेने जाणारा लाकडी रॅम्प झाला. पुढच्याच महिन्यात मांडूस वादळात तो मोडला, मग दुरुस्त करून परत उघडला. वादळ त्यांच्याकडेही येतं, आपल्याकडेही येतं, म्हणून मागायचंच नाही असं थोडीच आहे? गुहागरला, अलिबागला असा एकेक रॅम्प आणि त्याच्या टोकाशी रुंद दाराचं एक टॉयलेट, मी प्रत्येक ट्रिपनंतर ग्रामपंचायत-नगरपंचायतीला हेच लिहिते, तुम्हीही लिहा.

आणि होमस्टे बुक करताना "व्हीलचेअर येईल का" असं विचारू नका, सगळे मनापासून "हो हो, येईल की" म्हणतात. त्यापेक्षा म्हणा, "दादा, बाथरूमच्या दाराला मापाची टेप लावून एक फोटो पाठवता का, आणि अंगणातून ओटीवर यायला पायऱ्या किती?" पाठवतात, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.