पहिल्या चेकआधीचा प्रश्न

लोकांचे पैसे गुंतवून सांभाळण्याचा परवाना हातात पडून नऊच दिवस झाले होते. कंपनी म्हणजे मी आणि एक हिशेबनीस. त्या सकाळी आमच्या पहिल्या ग्राहक येणार होत्या, एक निवृत्त शिक्षिका. रात्री जागून मी परताव्याचे तक्ते केले होते.

बाईंनी तक्ते न बघताच बाजूला ठेवले. "माझे पैसे राहणार कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पैसे आणि शेअर कस्टोडियन बँकेत, म्हणजे ग्राहकांची मालमत्ता फक्त जपून ठेवणाऱ्या बँकेत, बाईंच्याच नावावर. मला फक्त खरेदी-विक्री करण्याचा अधिकार, पैसे काढण्याचा नाही. खात्याचा उताराही बँक थेट त्यांनाच पाठवणार. 2008 मध्ये अमेरिकेत लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या बर्नी मॅडॉफचा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा सौदे, खाती, उतारे सगळं त्याच्याच फर्मकडे होतं. उताऱ्यावर दिसणारे शेअर मुळात घेतलेलेच नव्हते. म्हणून ही व्यवस्था मी सगळ्यांत आधी लावली होती, आणि तिचा मला अभिमान होता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि उद्या तुम्हीच नसलात तर?"

मला बोलता येईना. मोठ्या फंडांच्या करारात यासाठी की-मॅन कलम असतं: ठरलेली व्यक्ती कामावरून गेली की नवी गुंतवणूक थांबते. नोकरीत असताना ते कलम मी कितीदा तपासलं होतं! पण स्वतःच्या कंपनीत निर्णय घेणारा माणूस एकच, आणि नेमकं तिथेच ते नव्हतं. माझ्या मागे बाईंचे शेअर बँकेत सुखरूप राहिले असते, पण त्यांचं काय करायचं हे सांगणारं कोणी नसतं.

चेक टेबलावर होता. आम्हाला त्याची फार गरज होती. तरी म्हटलं, "बाई, आज हा घेत नाही. आधी करार नीट करतो."

पुढचे पाच आठवडे त्यातच गेले. परवाना असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याशी बोलून लेखी ठरवलं की मी नसेन तेव्हा ग्राहकांना तो सांभाळेल. ज्यांना ते नको असेल त्यांनी बँकेला कळवून खातं मोकळं करायचं, दंड नाही. मसुदा बाईंकडे पाठवला. परत आला तेव्हा एका ओळीखाली रेघ होती. मी लिहिलं होतं, 'ग्राहकास यथावकाश कळवले जाईल.' समासात बाईंनी विचारलं होतं, "म्हणजे किती दिवसांत?"

'यथावकाश' खोडून मी 'दोन दिवसांत' लिहिलं.