नवीन गाडी, वॅक्स आणि शोरूमचं पॅकेज

गाडी धुणं, वॅक्स करणं यात अवघड काहीच नाही, एक सकाळ मोकळी हवी आणि सावली हवी. अवघड काय आहे तर शोरूमवाल्यांनी हात न लावलेली गाडी त्यांच्याकडून ताब्यात घेणं. मी डिचोलीचा, शोरूम पणजीच्या बाजूला. नाव लिहीत नाही.

बुकिंग, लोन, इन्शुरन्स सगळं सुरळीत झालं. चवथीच्या आधी गाडी दारात हवी हे त्यांना माहीत होतं आणि तिथेच त्यांचं फावलं. फायनल बिलात एक ओळ जास्तीची, पेंट प्रोटेक्शन पॅकेज, १८ हजार. मी म्हटलं हे मी कधी सांगितलं? सेल्सवाला म्हणतो, सर कंपल्सरी आहे, गोव्यात खारी हवा ना. अहो, खाऱ्या हवेची गोष्ट मला नका सांगू, आमच्या वाड्यावरच्या गाड्यांचे दरवाजे खालून गंजतात ते दरवाजाच्या खालच्या कडेची पाणी निचरायची भोकं चिखलाने बुजतात म्हणून, वरून कोटिंग मारून त्याला काय होणार? (ती भोकं पावसाळ्यात अधूनमधून काडीने मोकळी करत जा, फुकटचं काम आहे.)

कोटिंग कसलं, सिरॅमिक की टेफ्लॉन, लावायच्या आधी रंग साफ कोण करणार, लावल्यावर किती वेळ पाण्यापासून लांब ठेवणार, एवढंच विचारलं. उत्तर काय, तर "फॉरेनचं आहे सर." मग अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे पाठवलं, त्याने अकाउंट्सकडे बोट दाखवलं, अकाउंट्सची बाई म्हणाली सिस्टममध्ये एकदा ओळ पडली की मॅनेजरच काढू शकतात, आणि मॅनेजर मडगावला गेलेले. "फाल्यां येयात सर, जातलें." दुसऱ्या दिवशी गेलो तर तेच, वर चहा. शेवटी मॅनेजर सापडले तेव्हा मी आवाज न चढवता एकच मागितलं, हे पॅकेज कंपल्सरी आहे असं तुमच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या. दोन मिनिटं कीबोर्ड वाजला आणि जी ओळ निघतच नव्हती ती निघाली! खरं सांगतो, गाडी मिळाल्यापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. बाकीचं पेमेंट तोवर मी केलंच नव्हतं हे महत्त्वाचं, सगळे पैसे आधीच भरलेत तर मग तुमचं कोण ऐकतो.

त्या बसून काढलेल्या वेळात मागचा वॉशिंगचा भाग मात्र नीट बघून घेतला. एक पोरगा, एक बादली, एक फडका. तोच फडका आधी चाकाला, मग बादलीत बुचकळून बॉनेटवर गोल गोल. त्याला काय बोलणार, त्याच्यामागे गाड्यांची रांग. पण रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, डोक्याचा केस त्याहून जाड, आणि त्यातले चरे घालवायचे म्हणजे पॉलिशने तोच थर अजून खरवडायचा. म्हणून डिलिव्हरीच्या फॉर्मवर लिहून दिलं, गाडी धुवू नये, पुसू नये, प्लॅस्टिक काढू नये, आणि काचेवर कागद चिकटवला. मॅनेजर म्हणे धुळीची गाडी देऊ का तुम्हाला? हो, तशीच द्या. हे बुकिंगच्या दिवशीच लिहून घेतलं तर उत्तम.

घरी आल्यावर उघाडीची सकाळ बघून काम केलं. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला, चाकांचा ब्रश वेगळा. भांड्याचा साबण नको, असलेलं वॅक्सही उतरवतो. आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळे ओघळ आले, म्हणजे लोखंडाचे कण होतेच. मग हातात पातळ पिशवी घालून बॉनेटवरून फिरवली, बोटांना खरखर लागली तिथे क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) घासला, भरपूर पाणी ठेवून. वॅक्स अगदी पातळ, जाड थर दिला तर पुसताना रडाल. नवीन गाडीला सहा महिने वॅक्स लावू नका म्हणतात ते ऐकू नका, फॅक्टरीतला रंग भट्टीत भाजलेला असतो, तो सल्ला गॅरेजमध्ये नव्याने स्प्रे केलेल्या भागासाठी.

हां, वॅक्सच्या आधी काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावायची. वॅक्स सुकलं की त्यावर पांढरे डाग पडतात, मग जुना टूथब्रश घेऊन बसा. त्या प्लॅस्टिकला नंतर ड्रेसिंग, म्हणजे त्याचा काळेपणा राखणारं लोशन, वॉटर-बेस्ड घ्या, तेलकट नको, आमच्याकडची तांबडी धूळ त्यावर चिकटून बसते. आणि बोअरचं पाणी असेल तर उन्हात सुकू देऊ नका, लगेच टिपून घ्या.

पूजेला नार्वेला सप्तकोटेश्वराकडे नेली. हार तारेत ओवलेला होता, तो बॉनेटवर ठेवू दिला नाही, आरशाला बांधला सुतळीने. भटजींना सांगून कुंकू काचेवर लावलं, आई जरा रागावली.

परवा शोरूममधून फीडबॅकचा फोन आला, दहापैकी दहा द्या सर. आणि ते पॅकेज घेणार काय, आता ११ हजारात आहे.